वेलीला काय चालत नाही

पानवेलीला बाईचा विटाळ चालत नाही, हे मला सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. तिला खारा वारा चालत नाही, मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही, डोक्यावर थेट ऊन चालत नाही, हे सगळं पुढे कळलं. पहिला मान विटाळाचा. सासरे वाडीच्या फाटकापाशी उभे राहून सासूबाईंना म्हणाले, “हिला सांगून ठेव.” सुनेशी समोरासमोर बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मग सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. “त्या चार दिवसांत वाडीत पाऊल टाकायचं नाय. वेल करपते गो. आपली सावलीसुदा तिच्यावर पडू द्यायची नाय.”

मी मान हलवली. नव्या नवरीने आणखी काय करायचं असतं? पण आज केस पांढरे झाल्यावरही ते “वेल करपते” आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वेल करपली, हे अगदी खरं आहे. ती का करपली ते मी सांगते.

ही एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझं माहेर वाणगावच्या बाजूचं. थोडी भातशेती आणि खाडीकडे उतरणारा खाजणाचा एक तुकडा, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. सासर तारापूरजवळ, समुद्राच्या काठाला. घर लहान होतं, पण मागची वाडी देखणी होती. उंच सुपाऱ्या, त्यांच्यामध्ये केळी, आणि पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या पानवेली. समुद्राच्या अंगाला नारळाच्या झापांचा भक्कम कूड घातलेला, वारा अडवायला. कडेला मोगरा, अबोली, दुधीचा मांडव, घरापुरती भाजी. वाडीच्या शेवटाला, समुद्राकडे, मोठी विहीर होती आणि तिच्यावर रहाट. प्यायला आणि आंघोळीला वेगळी लहान विहीर घराच्या पुढच्या अंगणात होती. वाडीच्या विहिरीचं पाणी घरात कुणी वापरत नसे. एवढी दोन विहिरींची गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा सगळा तमाशा कळेल.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, झाडं कळत होती. रागात असले तरी खोटं बोलणार नाही. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही सासूबाईंच्या मार्फत. मी दोन हातांच्या अंतरावर वेल बांधत असायची, मामंजी पलीकडच्या ओळीत, आणि सासूबाई मध्ये. “तिला सांग, केळीच्या सोपटाचा बंद सैल बांधायचा, खोड जाड होतं.” सासूबाई मला सांगायच्या. “तिला सांग, मासळीचं खत ताजं घालायचं नाय, मुळं जळतात.” सासूबाई तेही सांगायच्या. मला ते मामंजींच्या तोंडूनच आधी ऐकू आलेलं असायचं. मुरब्याहून गाडीने येणारं ते खत वाडीच्या कोपऱ्यात कुजत पडायचं आणि त्याचा वास आमच्या केसांत बसायचा. मला त्याचं काही वाटत नसे. वर्षातून एकदा वेल खुंटावरून उतरवायची, तिचं वेटोळं करून मातीत पुरायचं, फक्त शेंडा वर ठेवायचा. मग तोच शेंडा नव्या जोमाने चढायचा. ते काम मला इतकं आवडलं की माहेरची आठवण यायची थांबली.

आणि विहिरीचं. हे तर मामंजींनी तीन तीन वेळा सांगितलेलं. रहाट सकाळी थोडा वेळ चालवायचा, संध्याकाळी थोडा वेळ, आणि मध्ये बंद. “तिला सांग, विहिरीला दम खाऊ द्यायचा. गोडं पानी वरवर असतं. खाली दर्या हाय. उपसत सुटलं की दर्या वर येतो.” रेडा गोल फिरायचा, मडक्यांची माळ करकरत वर यायची, पाटातून पाणी बेताने जायचं, आणि दिवसाचं काम झालं की विहीर शांत पडून राहायची. ज्याने हे सांगितलं त्यानेच ते पायदळी तुडवलं, म्हणून मला जास्त राग येतो. अडाणी माणसावर एवढं चिडता येत नाही.

त्या सुमाराला तारापूरकडे मोठं सरकारी बांधकाम सुरू झालं आणि आमचे हे तिथे मजुरांची हजेरी घ्यायला लागले. सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे, आणि आल्यावर तिकडच्या यंत्रांच्या गोष्टी. अमुक यंत्र शंभर माणसांचं काम करतं, तमुक यंत्र डोंगर फोडतं. आपल्या वाडीत मात्र अजून रेडा फिरतोय, याची यांना लाज वाटायला लागली. दिवाळी झाली आणि पालघरहून डिझेलचं इंजिन आलं. नारळ फोडला, हार घातला, अख्खं गाव बघायला जमलं. पट्टा फिरला, फटफट आवाज सुरू झाला, आणि नळातून मनगटाएवढी धार आली. मामंजी लहान पोरासारखे हसले. रेडा विकला. रहाटाची मडकी उतरवून कुडाला टेकवून ठेवली.

पाणी एवढं मुबलक म्हटल्यावर वेलींच्या आणखी ओळी लावल्या. जास्त ओळी, म्हणून जास्त पाणी. इंजिन सकाळी सुरू व्हायचं ते जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायचं नाही. विहिरीने दम कधी खायचा? मी सासूबाईंना विचारलं, “आई, मामंजी तर सांगत व्हते की विहिरीला दम खाऊ द्यायचा.” त्या म्हणाल्या, “आता इंजिन हाय.” जणू इंजिनाच्या भीतीने समुद्र मागे सरणार होता.

शिमग्याच्या आसपास पानांची टोकं तपकिरी पडायला लागली. आधी खालची पानं, मग वरची. नवं पान निघायचं ते लहान, जाड आणि कडांना जळलेलं. पाटाच्या कडेला माती वाळली की पांढरी खपली धरायची. ती खपली मी लहानपणापासून ओळखत होते. माहेरी खाजणाचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं की अशीच माती पांढरी पडायची आणि त्या साली भात धरायचा नाही. मी यांना सांगितलं, “पानी खारं झालंय. जीभ लावून बघा.” हे हसले. “विहीर तीच, पाणी तेच. इंजिन काय मीठ टाकतं का त्यात?” इंजिनाची हौस यांची. इंजिनाचा दोष निघाला असता तर तो यांच्या पदरात पडला असता. म्हणून जीभ लावायची नाही. एवढं साधं होतं ते.

मामंजींना दोष शोधायचाच होता, पण त्यांना तो माणसात हवा होता. एका सकाळी पडवीत बसून त्यांनी सासूबाईंना विचारलं, “वाडी कोनी बाटवली?” मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मला नीट ऐकू येत होतं.

इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. इंजिन यायच्या जरा आधी मी अबोली काढायला वाडीत गेले होते आणि तिथेच मला पाळी आली. दिवसांच्या आधी आली, मला काय माहीत. मी तशीच मागे फिरले, वेलींच्या ओळीतून, कारण बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. घरात येऊन सासूबाईंना सांगितलं. घाबरून सांगितलं. त्या म्हणाल्या, “असूं दे. बोलू नको कोनाजवल.” मला केवढं बरं वाटलं होतं. या बाईच्या पोटात माया आहे, असं वाटलं होतं.

आणि आता पडवीतून सासूबाईंचा आवाज आला, “सून गेलती. कार्तिकात. फुलं काढायला.”

भाकरी तव्यावर जळली. त्या दिवसापासून मला वाडी बंद झाली. चार दिवस नव्हे, महिनाभर, वर्षभर, कधीच नाही. आणि मामंजींनी यांना सांगितलं, यावेळी मला ऐकू जाईल अशा बेताने, की अक्षय तृतीयेपर्यंत वेलीने नवी फूट धरली नाही तर हिला वाणगावला पोचवून ये. वेल सुधारली की परत आणू.

खारं पाणी पाजून वेल सुधारणार कधी? म्हणजे मी परत येणार कधी? त्या काळात सासरहून पोचवून दिलेल्या मुलीचं काय व्हायचं ते आमच्या गावात मी पाहिलेलं होतं. आई-बाप तिला ओसरीच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि ती तिथेच म्हातारी व्हायची. लोक विचारायचे नाहीत, फक्त ओळखायचे. एका विहिरीत समुद्र शिरला, आणि त्यापायी माझं घर जायचं होतं. यांनी काय केलं? मूग गिळून बसले. रात्री कुशीवर वळून झोपले आणि सकाळी सायकल काढून बांधकामावर गेले.

घराच्या मागच्या दाराशी न्हाणीचं पाणी जायचं. तिथे मी पहिल्या वर्षी अळू आणि दोन मोगरे लावले होते. वाडी बंद झाल्यावर मी सगळा जीव तिथे ओतला. चुलीची राख, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, वाळक्या पाल्याचं पांघरूण. अळूची पानं सुपाएवढी झाली. मोगरा असा फुलला की शेजारणी फुलं मागायला यायला लागल्या. त्याच हातांनी लावलेला, त्याच सावलीतला. मी पाळीतही तिथे पाणी घालत होते, कारण तिथलं पाणी पुढच्या विहिरीचं होतं, गोडं, आणि तो कोपरा वाडीत मोडत नव्हता.

एक दिवस मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण बोलले मात्र थेट. “मामंजी, माज्या सावलीनं वेल जलत असंल तर माजा मोगरा आदी जलायला पायजे. तो बघा.”

मामंजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. सासूबाईंना म्हणाले, “तिला सांग, मोगरा झाड हाय. पानवेल देवी हाय.”

सासूबाई मला सांगायला वळल्या. मी म्हटलं, “ऐकलं मी. कान हायत मला.” घरात कुणी असं बोललेलं नव्हतं. मग त्या दिवशी मला जेवायला कुणी हाक मारली नाही, पण मी गेले आणि वाढून घेऊन जेवले.

चैत्रात पानाचा व्यापारी आला. बोईसर स्टेशनावरून गुजरातेकडे पानाच्या करंड्या पाठवणारा, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा माणूस. पानं बघून त्याचं तोंड वाकडं झालं. पडवीत बसून तो आणि मामंजी बोलत होते, आणि मामंजींनी आत हाक दिली, “चा टाका.”

माझं डोकं त्या क्षणी तापलं की आधीपासून तापलेलंच होतं, सांगता येत नाही. मी कळशी उचलली. मागच्या दाराने निघाले, फाटक ढकललं आणि वाडीत शिरले. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सासूबाई मागून ओरडल्या, “गो, कुठं चाललीस?” मी मागे वळले नाही. करपलेल्या वेलींच्या मधून चालत गेले. नळाखालच्या टाकीतून कळशी भरली, घरात आणली आणि त्या पाण्याचा चहा केला. साखर बेताची, दूध बेताचं, आलं ठेचून. कपबशा पडवीत नेऊन ठेवल्या आणि दाराशी उभी राहिले.

व्यापाऱ्याने एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला. मामंजींनीही घेतला. त्यांना थुंकताही येईना, गिळताही येईना.

“काका, हा चा आहे की दरिया?” व्यापारी म्हणाला.

“वाडीच्या विहिरीचं पानी हाय,” मी म्हटलं. “शिमग्यापासून वेलींना हेच पाजताय तुमी.”

मामंजी उठले. मला वाटलं हात उगारतील. पण व्यापारी त्यांचा हात धरून म्हणाला, “अरे काका, बसा. सून बरोबर बोलते. पाणी खारा झाला. इंजिन बंद करा, नाही तर सगळी वाडी जाईल.”

झालं. मामंजी खाली बसले. कपाळावर हात मारून घेतला. “खरं हाय,” म्हणाले, “लय उपसलं आमी.”

मी शिमग्यापासून सांगत होते. यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, मातीची पांढरी खपली बोटाने उचलून दाखवली. कुणाच्या कानात शिरलं नाही. आणि बोईसरचा एक माणूस एक घोट पिऊन बोलला तर लगेच खरं झालं! त्या दिवशी मी जिंकले असं शेजारणी म्हणत होत्या. मला तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. पाहुण्यासमोर अपमान केला म्हणून आमचे हे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. बोलले असते तरी काय बोलले असते म्हणा.

इंजिन थांबलं. नवा रेडा आणला, मडकी पुन्हा रहाटावर चढली. वाढवलेल्या ओळी काढून टाकल्या. मला वाणगावला पोचवायचा विषय कुणी काढला नाही, पण रद्द झाला असंही कुणी म्हणालं नाही. पावसाळ्याने माती धुतली, विहीर भरली. पुढच्या थंडीत वेलींनी अशी फूट धरली की खुंट दिसेनासे झाले. पान मोठं, पातळ, कोवळं, हिरवंगार.

आता तरी माझ्यावरचं बालंट जाईल असं मला वाटलं. एका संध्याकाळी मामंजींचे दोन सोबती वाडी बघायला आले. मी न्हाणीपाशी अळू कापत होते. मामंजी त्यांना सांगत होते, “पानी सुदारलं हे हायच. पन मेन म्हंजे सोवळं पाललं. सुनेला वाडीत येऊ देत नाय आता. बगा, वेलीनं लगेच गुन दाखवला.”

माझ्या हातातला कोयता हातातच राहिला. मीच पाणी दाखवलं, मीच चहा केला, आणि वेल सुधारली ती मी तिथे नव्हते म्हणून! करपली तरी मी, आणि हिरवी झाली तरी माझ्या नसण्याने. या हिशेबातून बाईने सुटायचं कुठून? मी त्यांना काही बोलले नाही. बोलून काय उपयोग, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तसं वाटलं याचाही मला राग आला.

पुढचा वैशाख. कडक ऊन. पालघरला नात्यातलं लग्न होतं, मामंजी आणि हे आदल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचे होते. मधल्या वेळात रहाट सासूबाईंनी चालवायचा असं ठरलेलं. पण सकाळी त्यांना ताप भरला. उठल्या आणि भिंत धरून तशाच खाली बसल्या. मी पडवीत वेगळी बसलेले, माझा दुसरा दिवस होता. ऊन चढत होतं. मागच्या दारातून दिसत होतं, वेलींची कोवळी पानं मान टाकायला लागली होती. वैशाखात पानवेलीला दोन वेळचं पाणी चुकून चालत नाही.

सासूबाई आतून म्हणाल्या, “जा गो, पानी सोड.”

“मला वाडी बंद हाय. आनि आज मला चालत नाय.”

“ठावं हाय. जा.”

“वेल करपंल,” मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं.

सासूबाई वैतागल्या. तापाने तोंड कोरडं पडलेलं, जीभ ओढून बोलत होत्या. “काय करपत नाय. तुजे मामंजी आदी पानाच्या करंड्या घेऊन मुंबईला जायचे तवा चार चार दिवस यायचे नाय. घरात दुसरं होतं कोन? माजे दिवस आले म्हनून वेली काय वालवायच्या व्हत्या? मीच तर घालत व्हते पानी. दर महिन्याला. इतकी वर्सं.”

मी उठून आत गेले. शिवाशिव, पडवी, सगळं विसरले. त्यांच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिले. “म्हंजे तुमाला ठावं व्हतं?”

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

“तुमाला ठावं व्हतं की काय व्हत नाय. मग माजं नाव का दिलंत? मला घरातनं काढत व्हते, आई. वानगावला टाकून येनार व्हते.”

“ते विचारत व्हते,” सासूबाई म्हणाल्या. “कोनाचं तरी नाव घेतल्याबिगर सोडलं नसतं. तुजं दिलं नसतं तर माजं आलं असतं.”

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मामंजींचा मला राग होता, यांचा राग होता, पण ते काही जाणतच नव्हते, निदान जाणून घ्यायला तयार नव्हते. ही बाई जाणत होती. मी घाबरून सांगितलेलं पोटात ठेवून, तिने वेळ आल्यावर ते माझ्याच मानेवर ठेवलं. त्या क्षणी मला तिच्या तापाची कीव आली नाही. आजही कीव करायची म्हटली तर आधी राग येतो.

मी वाडीत गेले. वेलींचा काय दोष? रेड्याला जुंपलं, रहाट चालवला, एकेक पाट फोडून ओळीओळीला पाणी दिलं. बेताने दिलं, विहिरीला दम खाऊ दिला, पुन्हा दिलं. दुपार उतरेपर्यंत पानांनी माना उचलल्या. मग घरात जाऊन सासूबाईंना पेज दिली आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली.

संध्याकाळी मामंजी आणि हे आले. मामंजी टोपीसुद्धा न काढता आधी मागे गेले, वेली बघून आले आणि पडवीत येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान होतं. ओले पाट बघितले होते.

“पानी कोनी सोडलं?”

“मी,” सासूबाई आतून म्हणाल्या.

मला वाचवायला म्हणाल्या की स्वतःला, ते मला माहीत नाही. मला ते वाचवणं नको होतं.

“त्यांनी नाय,” मी म्हटलं. “त्यांना सकाळधरनं ताप हाय, उठवतसुदा नाय. मी सोडलं. आनि आज माजा दुसरा दिवस हाय.”

हे “अगं” म्हणाले आणि थांबले. मामंजींचा चेहरा काळानिळा पडला. मी सासरी आल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले. “बोचकं बांध. उद्या वानगावला.”

“बांदते,” मी म्हटलं. “पन आदी आईंना विचारा. तुमी मुंबईला जायचात तवा दर महिन्याला वेलींना पानी कोन घालत व्हतं? त्यांचे चार दिवस तुमच्या वेलींनी कसे काडले?”

मामंजी दारातून आत बघायला लागले. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. मग मामंजींनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि ते अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. लग्नाच्या घरून आणलेली लाडवांची पिशवी यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी मला बोचकं बांधायला सांगितलं नाही. मामंजी लवकरच कुठेतरी बाहेर निघून गेले होते. मी उठले आणि वाडीकडे निघाले. सासूबाई मागच्या दारात बसल्या होत्या, ताप उतरला होता, डोळे मात्र सुजलेले.

“माजं नाव घेतलंस,” त्या म्हणाल्या.

“घेतलं,” मी म्हटलं. “आता दोगींचं झालंय. बगू या, दोगींना कुठं धाडतात ते.”

आणि मी फाटक उघडून पाणी सोडायला गेले.